पिंप भरलेलं असल्याबाबत

माती आणि पाणी यांना एका जागी स्वस्थ बसवत नाही. म्हणून त्यांची समजूत घालायला कार्यालय लागतं. अमेरिकेत हर्नडनच्या बाजूला असं एक मृद व जलसंधारण मंडळ आहे. त्याचे सदस्य रीतसर निवडून येतात (नावं मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतात, कागद उलटून पाहणाऱ्या मोजक्या मतदारांचा मंडळावर पूर्ण विश्वास आहे).

मंडळाने यंदा रत्नाच्या कॉलनीत बेचाळीस पिंपं वाटली. छपरावरचं पाणी पिंपात यावं, पिंपातून बागेत मुरावं, आणि पुढच्या पावसाआधी पिंप पुन्हा रिकामं असावं, अशी ही शास्त्रीय योजना. कॉलनीत बहुतेक घरं आपल्या लोकांची. त्यामुळे एक्केचाळीस पिंपं पहिल्याच पावसात भरली आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ या धोरणानुसार कायमची बंद झाली. (रत्नाच्या शेजारच्या संजीवकाकांनी झाकणावर वीटही ठेवली. पाणी उडून जात नाही, पण काळजी घेतलेली बरी.)

बेचाळिसावं रत्नाचं. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या तिच्या सासूबाई, वसुधाताई, यांच्या मते कालचं पाणी म्हणजे शिळं. पाऊस पडला की दुसऱ्या सकाळी त्या आणि चार वर्षांची अनया झारीझारीने अख्खं पिंप वालाच्या वेलांना घालत. आजीला इंग्रजी येत नव्हतं, नात मराठीत उत्तर देत नव्हती. दोघींचं जे काही बोलणं होई, ते त्या वेलांपाशी. रत्ना स्वयंपाकघरातून ऐकत राही आणि डब्याला उशीर होई.

मग कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं : पिंपं शोभेला बाधक असल्याने मंडळाचं ‘कार्यरत’ स्टिकर नसलेलं प्रत्येक पिंप उचलण्यात येईल.

तपासणीला केदार आला. इथेच जन्मलेला, मंडळाचा तरुण तंत्रज्ञ. त्याने पिंपात पट्टी घातली, वाकून पाहिलं आणि फॉर्मकडे पाहिलं.

“आजी, हे एम्प्टी आहे.”

“मग? घासूनही ठेवलंय.”

“फॉर्मवर ‘साठलेलं पाणी’ आहे. झीरो आलं तर फेल.”

“अरे, पण रिकामं असलं तरच पुढचा पाऊस मावेल ना?” रत्ना म्हणाली. “तुमच्याच पत्रकात लिहिलंय.”

“पत्रक वेगळं डिपार्टमेंट करतं, ताई.” केदारचा चेहरा खरोखर पडला होता. “शेजारचं बघा, पूर्ण भरलंय. हंड्रेड पर्सेंट.”

“त्यात डासांची अंडी आहेत,” वसुधाताई म्हणाल्या.

“त्याला कॉलम नाहीये.”

अनया पिंपाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली. “आर यू टेकिंग इट?”

केदारने वेलांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “मला कारमध्ये एक फोन करायचाय. दहा मिनिटं लागतील. मी मागे वळून बघणार नाही.”

वसुधाताईंचं आयुष्य नळ जायच्या आत भांडी भरण्यात गेलं होतं. दहा मिनिटं त्यांना भरपूर होती. नगरपालिकेचं शुद्ध केलेलं पाणी पाइपने धो धो सोडून पावसाचं पिंप सात मिनिटांत काठोकाठ भरण्यात आलं. आठव्या मिनिटाला सासूबाईंनी पाइप गुंडाळूनही ठेवला.

केदारने पट्टी घातली. शंभर टक्के. स्टिकर लागलं.

दुसऱ्या सकाळी अनयाने झाकण उचललं, आत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, “आजी, इट्स शिळं.” वसुधाताईंनी झारी तिच्या हातात दिली आणि पदर डोळ्यांना लावला. (डोळ्यांतल्या पाण्याची नोंद मंडळ ठेवत नाही.)

मंडळाच्या वार्षिक अहवालानुसार बेचाळीसच्या बेचाळीस पिंपं भरलेली आढळली, सबब योजना पूर्ण यशस्वी.

हसणाऱ्या वाचकांनी कृपया आपलं शोकेस उघडावं. पाहुण्यांसाठी म्हणून लग्नापासून जपलेला तो चांगल्या कपांचा सेट मोजावा. सहाच्या सहा भरतील. अभिनंदन. आपलं घर कार्यरत आहे. स्टिकर पोस्टाने येईल. तोवर चहा त्या कान तुटलेल्या कपातूनच घ्यावा.