उकंडरावांची चांदीची दाढ

इंझोरीत कापूस सगळ्यांच्याच घरी होता, तोंडात चांदी मात्र एकट्या उकंडरावांच्या! अमरावतीच्या दाताच्या डॉक्टरनं त्यांची किडकी दाढ कोरून तिच्यात चांदी भरली, त्या दिवसापासून उकंडराव हसायचे तेसुद्धा डाव्या बाजूनं. "चांदीले कीड लागत असते का कुठं?" असं ते पारावर छाती ठोकून सांगत आणि माणसं वाकवाकून त्यांच्या तोंडात डोकावत.

निगा तरी केवढी! बाकीचे दात रोज राखुंडीनं खसाखसा घासायचे, पण त्या दाढेला बोट लावायचं नाही. चांदी झिजली म्हणजे?

"अवो, चांदीच्या कडंनं काळं दिसून राह्यलं," बायको चतुराबाई एकदा म्हणाली.

"सावली असन तिची!"

पोळा झाला आणि ती सावली ठणकू लागली. पाण्याचा घोट घेतला की उकंडराव जागच्या जागी उडत. पण सांगतात कोणाला! त्यातच धनजचे इंद्रभानजी उकंडरावांच्या लेकीला, कस्तुराला, आपल्या मुलासाठी पाहायला यायचे होते. मुलगा गुणी, घर भरलेलं. असं स्थळ पुन्हा कुठून आणायचं? इंद्रभानजी बघत ते एवढंच, की माणूस बोलतो तसा आहे की नाही. आणि दाढेची कीर्ती तर धनजपर्यंत पोचलेली!

"गाल सुजला तुमचा," चतुराबाई कळवळली. "खरं सांगून द्या ना त्याइले."

"पोरीचं जमू दे. मंग रडतो."

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली. सोयरीक पक्की करायला सुपारी फोडायची म्हणून चतुराबाईनं अडकित्ता पुढं केला.

"अडकित्ता कायले?" इंद्रभानजी म्हणाले. "ते चांदीची दाढ तं पाहू द्या आमाले!"

उकंडरावांनी लेकीकडं पाहिलं. बाप असावा तर असा! डोळे मिटले, सुपारी दाढेखाली धरली अन् कचकन चावली.

सुपारी जशीच्या तशी. दाढेचे मात्र तुकडे! तळहातावर तुकड्यांमध्ये चांदीची गोळी तेवढी धडधाकट पडली होती. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. गेलं स्थळ!

इंद्रभानजींनी गोळी पुसली, उजेडात धरली, उलटीपालटी करून पाहिली.

"मानलं बुवा! पुरी दाढ किडली, पण चांदीले काई झालं नाई. बोलले तसंच निघालं! आणा तो अडकित्ता, पोरगी आमची झाली."

उकंडरावांना किती बोलायचं होतं! त्यांनी तोंड उघडलं मात्र, खळग्यात वारं शिरलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"लेकीच्या बापाचं काळीज हाय हे!" इंद्रभानजी म्हणाले. त्यांनी उठून व्याह्यांना कडकडून मिठी मारली आणि मोठ्या मायेनं आपला गाल त्यांच्या गालावर दाबला. नेमका सुजलेल्या!