अख्खं नागपूर सोयरं

आमच्या आजीनं रिक्षावाल्याला कधीच आधी पत्ता सांगितला नाही. ती आत बसायची, पदर सावरायची आणि विचारायची, "कोणाचा गा तू?"

तो बिचारा गोंधळून नाव सांगायचा. पण नुसत्या नावानं आजीचं भागत नसे. गाव कोणतं, आईचं माहेर कुठलं, बहीण कुठं दिली, हे सगळं निघायचं आणि सदरचा चौक येईपर्यंत रिक्षावाला आमचा कोणीतरी लागायला लागलेला असायचा. एकाला तर तिनं उतरताना बजावलं, "तुह्या मावशीले सांगजो, वेणूबाईनं आठवण केली म्हणून." त्या मावशीला ती जन्मात भेटली नव्हती.

वेणूबाई म्हणजे माझ्या बाबांची आई. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. विणकरांच्या वस्तीत आमचं घर. आजोबांचा हातमाग मी पाहिलेलाही नाही, पण आजीची सोयरीक वस्तीभर होती. नळ दुरुस्त करणारे सलीमभाई तिचे भाचे, कारण त्यांची आई आणि आजी एकाच विहिरीवर पाणी भरत. आणि ही नाती नुसती तोंडाची नव्हती. कोणी आजारी पडलं की पहिला डबा आमच्या घरून जायचा, आणि आम्ही कुरकुरलो तर उत्तर ठरलेलं, "आपला माणूस आहे बापा तो!"

आम्हाला या सोयरिकीची फार लाज वाटायची. कॉलेजात असताना मी तिच्यासोबत बाहेर जायचं टाळायची. पण समोरच्या सुनंदाकाकूंच्या सुनेचं, रेखाचं बाळंतपण आलं, आणि माझी लाज कायमची उतरली.

रेखाला सकाळी दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, रक्त फार गेलंय, गट ओ निगेटिव्ह आहे, दोन बाटल्या तरी लागतील. रक्तपेढीत त्या गटाची एकच शिल्लक होती. वस्तीतली पोरं मोबाईलवर तुटून पडली. मी स्वतः पन्नास ग्रुपांवर निरोप टाकले. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं ढीगभर आली, रक्त द्यायला मात्र कोणी आलं नाही. सुनंदाकाकू भिंतीला टेकून नुसत्या बसल्या होत्या.

आजी दारापाशी उभी होती. तिथला गार्ड खेकसला, "आजी, इथं उभं नाही राहायचं. पास कुठं आहे?"

"कोणाचा गा तू?"

मी डोळे मिटून घेतले.

"मी ड्यूटीवर आहे आजी."

"ड्यूटीवाल्याले मायबाप नसते काय?"

गार्ड हसला, आणि तिथंच फसला. तो सावनेरचा निघाला. सासुरवाडी काटोल. सासऱ्यांचा संत्र्याचा बगीचा होता, पण ते गेले.

"काहून गेले बापा?"

"ऑपरेशन होतं. रक्त वेळेवर भेटलं नाही. त्याइचा गटच मोठा कठीण होता म्हणे, निगेटिव्ह का काहीतरी."

आजी ताठ झाली. "अन् तुह्या बायकोचा गट कोणता?"

"ते काही माहीत नाही."

"संसार करून राहिला का पाहुणा म्हणून राहून राहिला? लाव फोन!"

गार्डनं निमूट फोन लावला. पलीकडून त्याची बायको मंगला इतक्या जोरात बोलली, की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "ओ निगेटिव्ह! दोन्ही बाळंतपणांत फॉर्म तुम्हीच भरला होता नं! काहून? कोणाले पाहिजे? माह्या भावाचाही तोच आहे."

अर्ध्या तासात मंगला स्कूटीवरून आली. तिचा भाऊ सुधाकर काटोलच्या बसवर कंडक्टर होता. बस नुकतीच नागपुरात पोचली होती. तो गणवेशातच धावत आला, गळ्यातलं तिकिटाचं मशीनसुद्धा काढायचं विसरला होता. तपासण्या झाल्या, दोघांनी रक्त दिलं. संध्याकाळी रेखा शुद्धीवर आली, आणि मुलगी झाल्याचं सांगत सुनंदाकाकू आधी रडल्या, मग आजीच्या पाया पडल्या.

आजी मात्र माझ्याकडे वळली. "तुह्या मोबाईलमंदी कोणाची सासुरवाडी दिसते काय? रक्त घराण्यात पाहा लागते पोरी!"

पुढं महिनाभर तिनं हे वाक्य वस्तीतल्या प्रत्येकाला ऐकवलं, आणि कोणाची उलट बोलायची हिंमत झाली नाही.

बारशाला सुधाकर मामा म्हणून आला, झबलं आणि चांदीचे वाळे घेऊन. आजीनंच ती पदवी जाहीर केली होती. जेवताना त्यानं सहज विचारलं, "आजी, सगळ्याइचं विचारता. तुमचं माहेर कोणतं?"

आजी वाढता वाढता थांबली. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की हे तिला आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"मले माहेरच नाही बापा," ती म्हणाली. "मायबाप मी दीड वर्षाची असताना गेले. कोणी तरी आणून उमरेडले एका घरी ठेवलं. गाव कोणतं, आडनाव कोणतं, कोणालेच माहीत नव्हतं. लग्नात मामा म्हणून मागं उभं राहाले शेजारचा माणूस बोलावला." आणि लगेच, "भात घे नं, लाजून काय राहिला!"

सुधाकरनं मान खाली घालून भात घेतला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तो दारात उभा. "चला आजी, माहेरी. गाडी सुटून राहिली." पंच्याहत्तरीची आमची आजी पुतळ्यासारखी उभी राहिली. मग आत गेली आणि पाच मिनिटांत पिशवी भरून, नवं लुगडं नेसून बाहेर आली. आम्हा कोणालाही तिनं विचारलं नाही. बसमध्ये सुधाकरनं तिला सगळ्यात पुढची जागा दिली.

तिसऱ्या दिवशी ती परतली. मी पिशवी घेतली आणि विचारलं, "कसं होतं गं माहेर?"

"काही खरं नाही," आजी म्हणाली. "काडीचं काम करू देत नाहीत वं मले. चहासुद्धा हातात आणून देत. मंगलाची माय म्हणे, माहेरी आली, बस निवांत."

माझ्या हातातली पिशवी परत घेऊन तिनं ती खुंटीला अडकवली.

"तर बसली मी. दोन दिवस नुसती बसून होती."