इजिप्तची मगर

प्रदर्शनाची घंटा व्हायला आली होती, आणि कागदाच्या लगद्याच्या मगरीने शेपटी हलवली.

चित्रकलेच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. मगर तिसरीच्या मुलांनी केली होती, अंगावर जुन्या इजिप्तची निळी-सोनेरी नक्षी. शेजारचे ठिपक्यांचा कांगारू आणि चिनी ड्रॅगन सज्जनासारखे गप्प होते. डिंक संपला म्हणून बाईंनी कणकेची खळ शिजवली होती, आणि ती खायला मगरीच्या पोटात कोण शिरलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाई उंदराला भयंकर घाबरत. त्याहून जास्त त्या फक्त मुख्याध्यापिकांना घाबरत, आणि बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही हे आजचं प्रदर्शन पाहून त्याच ठरवणार होत्या.

मुख्याध्यापिका पालकांचा लवाजमा घेऊन आल्याच. कांगारूपाशी थांबल्या, ड्रॅगनकडे पाहून मान डोलावली, आणि मगरीसमोर येताच शेपटी पुन्हा हलली.

"ही हलते कशी?"

"बॅटरी बसवलीय, मॅडम," बाई बोलून गेल्या.

एका खोट्याला दहा पिल्लं होतात. पालकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या तरी वडिलांनी मोटर केवढी आहे विचारलं, बाईंनी लहानशी म्हणून सांगितलं. तेवढ्यात आतून बारीकसं चूं आलं. तेल घालायचं राहिलंय, असं बाईंनी कसंबसं म्हटलं.

"बघू तरी मुलांची करामत," म्हणत मुख्याध्यापिकांनी बाही वर सारली आणि जबड्यात कोपरापर्यंत हात घातला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता किंकाळी, मग हसं, मग नोकरीला रामराम.

किंकाळी आलीच नाही. बाईंनी डोळे उघडले तेव्हा मुख्याध्यापिकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी हात सावकाश बाहेर काढला आणि पालकांकडे वळून सांगितलं, "बॅटरी आहे. नवी दिसतेय."

पालक समाधानाने पुढे गेले. मुख्याध्यापिका जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला.

"बाई, तुम्ही उद्यापासून कायम," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त मला दारापर्यंत न्या. माझे पाय उचलत नाहीयेत."

बाईंचे तरी कुठे उचलत होते! मग दोघी एकमेकींना धरून मगरीशेजारीच हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या, आणि पालकांनी कौतुकाने त्यांचा फोटो काढला.