मध्यरेषेवरची कोनशिला

एका जंगलात, बाळांनो, कबड्डीचा एक संघ होता. वाघ त्यात नव्हता. वाघाला संघात घेतलं की बाकीचे सहा उरत नाहीत, एवढं तुम्हालाही कळतं. वाघोबा नुसते प्रेक्षक. पण हौस केवढी! एक सामना चुकवायचे नाहीत. जिंकणाऱ्याला द्यायची ढालसुद्धा त्यांनीच ठेवलेली.

संघाचे अध्यक्ष होते दादासाहेब गवा. मैदानाचं उद्घाटन त्यांनी केलं आणि स्वतःच्या नावाची कोनशिला बसवली. कुठे? मैदानाच्या मधोमध, मध्यरेषेवर. कडेला बसवली तर वाचणार कोण?

आता कबड्डीत गडी चढाई करून परत येतो, तेव्हा मध्यरेषेवर अंग झोकून देतो. पायाला चौघं लोंबकळत असतात. अशा वेळी कोनशिला कोण बघतो? पहिल्याच सामन्यात कर्णधार रायबा सांबर तिच्यावर आदळला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. "आई गं!" असा ओरडला की झाडावरचे पोपट उडाले.

"घाबरू नका," दादासाहेब म्हणाले. "आपली दुसरी फळी तयार आहे."

दुसऱ्या फळीतून ससा आला. त्याचा पाय मोडला. मुंगूस आलं. त्याचाही मोडला. पण गंमत ऐका. पाहुण्यांचे गडीही त्याच शिळेवर आपटत होते, आणि त्यांच्याकडे दुसरी फळीच नव्हती. त्यांचे गडी संपले, आपले उरले. सामना आपण जिंकलो!

मग काय विचारता! "संघटन असावं तर असं," असं चिटणीस कोल्हा जंगलभर सांगत सुटला. लांबलांबचे संघ बघायला येऊ लागले. दादासाहेबांनी तिसरी फळी उभी केली, चौथीची भरती काढली. सामन्यामागून सामने जिंकले. ससा पुढे कुठे दिसला नाही. मुंगूसही दिसलं नाही. कोणी चौकशी केली नाही. लंगडं जनावर जंगलात किती दिवस दिसणार? वाघोबांची तब्येत मात्र चांगलीच सुधारली होती.

रायबा तेवढा वाचला. कळपाच्या मधोमध बसून असायचा. त्याची थोरली लेक तानी त्याला पाला आणून भरवायची. अंतिम सामना जवळ आला आणि तिचंच नाव चौथ्या फळीत लागलं.

रायबा तीन पायांवर उड्या मारत दादासाहेबांकडे गेला. "दादासाहेब, तेवढा दगड काढा हो."

"दगड?" दादासाहेबांनी नाक फेंदारलं.

"कोनशिला म्हणा," कोल्हा हळूच म्हणाला.

"बरं, कोनशिला. चार हात बाजूला घ्या. पोरीचा पाय गेला तर ती जगायची नाही. आम्हा सांबरांचं सगळं पायावरच चालतं. तुम्हाला त्रास नको, मी माझ्या शिंगांनी उकरतो."

"रायबा, जरा विचार करा," दादासाहेब म्हणाले. "पाय आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोनशिला एकच आहे."

"आणि तुम्ही माजी कर्णधार," कोल्हा म्हणाला. "तुम्हीच असं बोललात तर मुलांनी कुणाकडे बघायचं?"

"माझ्या पायाकडे बघा म्हणावं!" रायबा ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आजूबाजूला सगळे उभे होते. कोणी तोंड उघडलं नाही. ज्याची त्याची पोरं अजून पाचव्या फळीत होती.

सामना झाला. तानी खेळली, आणि काय खेळली! शेवटच्या चढाईत तिघांना बाद केलं. दोघं पायाला लोंबकळत असताना त्यांना ओढत मध्यरेषेकडे झेपावली. "डावीकडून ये गं, तानी! डावीकडून!" रायबा घसा फाडून ओरडत होता. पण टाळ्यांच्या कडकडाटात बापाचं कुठलं ऐकू यायला?

तिचा पाय मोडला. गुण मिळाले. ढाल आपल्याकडे आली.

दादासाहेबांनी लांबलचक भाषण केलं. तानीच्या गळ्यात हार घातला. जायबंदी वीरांच्या सन्मानार्थ आणखी एक शिळा बसवण्याचं जाहीर केलं. मध्यरेषेवरच, म्हणजे पहिलीला सोबत. टाळ्या थांबता थांबेनात. मग वाघोबा उठले.

"पोरीला चालवत नाही," ते मायेनं म्हणाले. "मी सोडतो तिला घरी."

रायबा आडवा आला. समारंभात गडबड नको, म्हणून चौघांनी त्याला धरून ठेवलं.

संध्याकाळी कोल्हा त्याला भेटायला आला. फार हळहळला बिचारा. मग खाकरून त्यानं विचारलं, "रायबा, तुमची धाकटी आता केवढी झाली?"

तात्पर्य : वाटेतला दगड काढत बसणं हे दुबळ्या संघाचं काम. मजबूत संघ पोरं मोजतो. तेव्हा बाळांनो, एकीनं राहा, संख्येनं भरपूर राहा, आणि ठेच लागलीच तर उठण्याआधी दगडाला नमस्कार करा.