सावंतकाकांचा कवर्दाक

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये कोणाची चप्पल दारात उलटी पडली, की वरून आरोळी येते, "कवर्दाक!" ही शिवी नाही. हा गोंधळासाठी रशियन शब्द आहे आणि ओरडणारे आमचे सावंतकाका. रशियन यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करून ते निवृत्त झाले. यंत्रं भंगारात गेली, शब्द मागे उरला.

नुसत्या शब्दावर थांबतील तर ते काका कसले! "मूळ तुर्की घराण्यातला, बरं का. तिकडे हा खायचा पदार्थ. मांसाचे तुकडे नि हाताला लागेल ते एकत्र परतायचं. रशियात आला आणि त्याचा पसारा झाला. पुल्लिंगी आहे. विभक्त्या सगळ्या लागतात, पण अनेकवचन सहसा कोणी करत नाही. माणसाला एक गोंधळ पुरतो!" हे व्याख्यान मी माझं दूध उतू जात असताना जिन्यात उभी राहून ऐकलंय.

"पुल्लिंगीच असतलो," आतून मालतीकाकू म्हणतात. "बोंबालता कोण मगे?"

काकांचा मुख्य कवर्दाक म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर. चहा बिस्किटांच्या डब्यात, रवा 'साखर' लिहिलेल्या डब्यात आणि साखर 'मीठ' लिहिलेल्या बरणीत. चाळीस वर्षं काका डोकं धरून बसले होते.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सामान बांधायला मी मदतीला गेले आणि काका खूश होतील म्हणून सगळं लेबलांप्रमाणे भरून टाकलं.

काका आले आणि एकेक डबा उघडून पाहू लागले. ओरडले नाहीत.

"अगं, तिला आता लेबलं दिसत नाहीत. डबे हाताला कळतात. नव्या घरात चहासाठी मला हाक मारावी लागली, तर ती चहा करायचाच सोडून देईल." त्यांनी खिशातून वही काढली. प्रत्येक फळी, प्रत्येक डबा रेखून ठेवला होता. मला फार लाज वाटली. आम्ही सगळा गोंधळ परत जसाच्या तसा भरला.

भाड्याच्या घरात काकूंनी भिंत चाचपली, फळीवर हात नेला आणि बिस्किटांचा डबा उचलला. पाच मिनिटांत तीन कप चहा समोर.

मी घोट घेतला. खारट! त्या 'मीठ' लिहिलेल्या बरणीत साखर परत भरायची विसरून मी मीठच राहू दिलं होतं.

"झकास!" काका म्हणाले आणि कप रिकामा केला. मग काकूंचाही उचलला.

"आज दोन-दोन? बरी झाली मा?"

"एकदम. तुला दुसरा कर ना. थांब, आधी ती बरणी पुसून देतो."

काकू हसत पातेलं विसळू लागल्या. काकांनी मला डोळ्यांनीच साखरेची पिशवी दाखवली. मी माझा चहा संपवला आणि बरणीत साखर भरायला उठले.