केतकीची जय्यत तयारी

केतकीच्या गॅलरीत रोज एक पिवळी साडी वाळत असायची, आणि केतकीला साडीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची गॅलरी दिसते, त्यामुळे बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. पुण्याहून जे. पी. नगरला आली त्याला फार दिवस झाले नव्हते. घरात पायजमा, ऑफिसला पँट, देवळात जायचंच झालं तर कुर्ता. मग ही साडी कुणाची? मी विचारलं नाही. मी बिल्डिंगच्या कमिटीत पाण्याचं खातं बघते. लोकांच्या साड्यांची चौकशी करायला मला वेळ नसतो.

केतकी सॉफ्टवेअर तपासायची. म्हणजे दुसऱ्यांनी नीट बनवलेली गोष्ट कुठे मोडते ते शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. ती सवय घरीही आली होती. कुणी काही सांगितलं की तिचा एकच प्रश्न असे, "आणि तसं नाही झालं तर?" तिला दिवस गेले तेव्हा या प्रश्नाला नऊ महिन्यांचं काम मिळालं.

पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "काकू, तुमचा बर्थ प्लॅन काय होता?"

"हाफ डे टाकला होता," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिला ते फार धोक्याचं वाटलं.

तिने श्वासाचा क्लास लावला. पहिले दोन दिवस मला वाटलं त्यांच्या कुकरची रिंग गेलीय. मुलांचे डॉक्टर दोन ठरवले, कारण पहिला गावाला गेला तर? हॉस्पिटलची बॅग सातव्या महिन्यात दाराशी येऊन बसली आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी बॅग, पहिली विसरली तर म्हणून. दोन्ही विसरलीस तर, असं मी विचारलं. ती इतकी विचारात पडली की मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले.

मग हॉस्पिटलला पोचायची रंगीत तालीम झाली. केतकी हातात मोबाइल घेऊन सूचना देणार, तर बाळंतीण कोण? तिचा नवरा अनिकेत. तो गरीब माणूस पोटाला तांदळाची पिशवी बांधून, एक हात कमरेवर ठेवून जिना उतरला, कारण लिफ्ट बंद पडली तर? मी भाजी घेऊन वर येत होते, तेव्हा त्याने मला नमस्कारसुद्धा केला. फाटकाशी मंजुनाथची रिक्षा उभी होती. मंजुनाथ आमच्या बिल्डिंगचा ठरलेला रिक्षावाला. त्याने सगळा प्रकार शांतपणे पाहिला आणि मला कानडीत विचारलं, "अक्का, साहेबांना कितवा?"

मी तिला सांगून पाहिलं की एवढं काही लागत नाही. पोर यायचं तेव्हा येतं आणि आपली यादी वाचून येत नाही. "लागते ती एक जुनी सुती साडी," मी म्हटलं. "आजीची नेसून मऊ झालेली. फाडून दुपटी करायची. बाकी सगळं दुकानदारांच्या सोयीसाठी."

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"जुनी म्हणजे जुनी. पहिलं बाळंतपण आहे, पुण्याला आईकडे जाणार असशील ना? तिला सांग, ती काढून ठेवेल. की आईच इथे येणार आहे?"

"ते स्कोपमध्ये नाहीये, काकू," ती म्हणाली आणि बाळाच्या नखांसाठी मागवलेली कात्री दाखवायला लागली. सासूबाई नागपूरला, गुडघ्यांनी बेजार. त्या थेट बारशाला येणार होत्या.

उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी आटलं. टँकरवाल्याला फोन केला की तो "नाळे अक्का, नाळे" म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. कमिटीने नियम केला, वॉशिंग मशीन एक दिवसाआड. नियम मीच लिहून लिफ्टमध्ये चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर गॅलरीत पिवळी साडी. तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी साडी, टपटप गळणारी. मी गॅस बंद केला आणि तिची बेल वाजवली.

दार उघडलं तेव्हा आतून मशीनची घरघर येत होती.

"केतकी, खालच्या मजल्यावर लोक बादलीने आंघोळ करतायत. तू एक साडी रोज धुतेस?"

"सॉरी काकू. स्वल्प बाकी आहे." हा एक कानडी शब्द ती मंजुनाथकडून शिकली होती.

"कशाचं बाकी?"

"जुनी व्हायची."

मला कळेना. तिने मला आत बसवलं आणि मशीन थांबवलं. पंचाईत झालेल्या माणसासारखी नाही, ऑफिसात प्रगती सांगावी तशी बोलायला लागली. साडी तिने नवीकोरी घेतली होती, चांगली सुती. गरम पाण्यात घालून पाहिली, मग गारात, मग मिठाच्या पाण्यात. "बाकी सगळं ऑनलाइन मिळतं, काकू. जुनी साडी मिळत नाही. म्हणजे मिळते, पण ती कुणाची तरी असते."

"आईची एखादी—"

"आई मी दहावीत असताना गेली. बाबांनी महिन्याभरात सगळ्या साड्या देऊन टाकल्या. त्यांना कपाट उघडवत नव्हतं." तिने मशीनमधून साडीचा पदर ओढून काढला आणि पिळला. "मी पण काही बोलले नाही. पुढे लागतील असं तेव्हा कुठे वाटतं?"

मी पदर हातात घेऊन पाहिला. रंग उडाला होता, काठाचे धागे निघाले होते आणि कापड चिंध्यांच्या वाटेला लागलं होतं. मऊ मात्र झालं नव्हतं.

"मशीनमध्ये साडी झिजते," मी म्हटलं. "मऊ व्हायला ती अंगावर वागवावी लागते. दे इकडे. आणि ते मशीन आज परत लावू नकोस."

मी ती नेसायला लागले. पिवळा रंग मला अजिबात खुलत नाही. ती नेसून मी नोकरी करते त्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये लोखंडी स्टुलावर बसले, टँकरवाल्याशी भांडले, भाकऱ्या केल्या, सांबार सांडलं. दिवसाआड तीच साडी पाहून ऑफिसातल्या बायकांनी चौकशी केली. मी व्रत आहे म्हणून सांगितलं. व्रत म्हटलं की ऑफिसात पुढे कुणी विचारत नाही.

दिवस भरत आले तसं मी साडी हाताने धुऊन, उन्हात वाळवून तिला परत दिली. तिने घडी गालाला लावली. मग सांबाराच्या डागाची जागा शोधून ती नखाने खरवडून पाहिली. नंतर दारातच उभी राहिली.

"काकू, सगळी तयारी झाली. आणि तरी मला नाही जमलं तर?"

एरवी या प्रश्नाच्या मागोमाग तिचं उत्तर तयार असे. या वेळी ते तिने माझ्याकडे मागितलं.

"तर माझी बेल आहे," मी म्हटलं. "वीज गेली तर दार वाजव."

वेळ आली ती भर दुपारी. अनिकेत हेब्बाळच्या ऑफिसात, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. मंजुनाथ यशवंतपूर स्टेशनला कुणाला सोडायला गेलेला. लिफ्ट चालू होती, त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण केतकी हट्टाने जिन्यानेच उतरली. तालीम तशी झाली होती ना. टँकरसाठी हाफ डे टाकून मी घरी होते, मी आमची गाडी काढली. क्लासात शिकलेला श्वास ती सिग्नलपर्यंतच घेऊ शकली, पुढे माझ्या दंडाला नखं लावून बसली. दोन्ही बॅगा आणल्या होत्या. त्यातली एक शेवटपर्यंत उघडावी लागली नाही. संध्याकाळी मुलगी झाली. नर्सने कापड मागितलं तेव्हा मी पिवळं दुपटं काढून दिलं.

आता त्या गॅलरीत रोज पिवळी दुपटी वाळतात. तान्ह्या मुलांच्या घरांना मशीनच्या नियमातून सूट, असा ठराव मी कमिटीत करून घेतला.

परवा केतकीने बेल वाजवली. कडेवर पोर, काखेत कागदात गुंडाळलेली कोरी साडी.

"काकू, ही पण नेसून द्याल?"

"आता कशाला? एका साडीची दुपटी आहेत ना."

"ती विरली तर?"

मी साडी उलगडून पाहिली. या खेपेला रंग तरी बरा होता.