खडतकरचा रामलाल

आमच्या चौबे कॉलोनीत कोणी नवी गाडी आणली की पहिले भटजी येतात अन् त्यांच्या मागोमाग खडतकर. भटजी नारळ फोडतात. खडतकर बोटाच्या पेरानं दार वाजवून विचारते, "रामलाल बचा क्या?"

रामलाल म्हणजे पुतळा. नवी गाडी भिंतीवर आपटून पाहतात, तेव्हा माणसाच्या जागी आत बसवतात तो. तो जितका धड राहीन, तितके गाडीले तारे. पाच तारे म्हणजे चांगली. मागच्या पोळ्यापासून खडतकर दिवसभर मोबाइलवर हेच पाहत बसते. नाव त्यानंच ठेवलं. "रोज मरते बिचारा, नाव तरी असावं," म्हणते.

खडतकर माझा शेजारी. लग्न केलं नाही. रेल्वेत डब्यांची चाकं हातोडीनं वाजवून पाहायची नोकरी होती. ठण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तडा. रिटायर झाला, पण हात काही थांबला नाही. टरबूज वाजवते, मडकं वाजवते, भेटला की माझी पाठही वाजवते.

मी चौथी शिकलो. मले ताऱ्यांचं काही समजत नाही. अन् मागच्या पोळ्याले माझी बायको शांता गेली, तेव्हापासून तर कशातच डोकं लागत नाही. सात वाजले की झोपतो, ते तर आधीपासूनच.

यंदा नातीले, जुहीले, अभनपूरले नोकरी लागली. बावीस वर्षांची पोट्टी, लायसन ताजं. माझ्या पोरानं तिच्यासाठी लहान लाल गाडी पसंत केली, छताले काचेची खिडकी असलेली. खडतकर मोबाइल घेऊन हजर.

"दोन तारे. रामलालची मान गेली."

मी म्हटलं, "तुले काहून एवढी चिंता बे? तुया घरी तर सायकल बी नाही."

"रामलालच्या घरी बी नाही."

जुही हसली. "आजोबा, मुझे तो सनरूफ चाहिए. चाँद दिखता है."

खडतकरनं तिच्या हाती मोबाइल दिला. धडक व्हायच्या आधीचा रामलाल होता. पिवळा, गप, सरळ समोर पाहत बसलेला.

"देख बेटा," तो म्हणे, "इसको मालूम नहीं है."

पोट्टीनं पुढचं पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी बुकिंग बदललं. पाच ताऱ्यांची आली. रंग राखेसारखा, छत पत्र्याचं.

पूजेच्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवले, तरी खडतकर गाडी हलू देईना. पहिले सगळ्यांचे पट्टे. मागच्यांचे बी. भटजी आत बसले होते, पोटावरून पट्टा जाईना. ते म्हणाले, "मैं तो गेट तक ही जाऊँगा."

"रामलाल भी दीवार तक ही जाता है, महाराज."

जुही गाडीनं जायले लागली अन् खडतकर रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसायले लागला. तेही शांताच्या खुर्चीवर. मले राग यायचा. चहा विचारला तर नको म्हणायचा. गाडी फाटकात शिरली की हळूच म्हणायचा, "वाचला," अन् उठून चालला जायचा.

एक दिवस मी हात धरला. "काहून येतं रोज? घरी काम नाही का?"

तो जमिनीकडे पाहत म्हणे, "तू हॉस्पिटलात चहा आणायले गेला होता, तेव्हा वहिनी बोलल्या. म्हणाल्या, भाऊजी, पोट्टी कधी तरी गाडी चालवीन. ती घरी येईपर्यंत कोणी तरी बसलं पाहिजे. हे तर सातलेच घोरतात."

तिचं काही खोटं नव्हतं.

आता मी बाजूले स्टूल टाकून बसतो. खुर्ची त्याचीच. सात वाजून जातात, जुहीचा पत्ता नसते, अन् कधी कधी माझा डोळा लागतेच. मग खडतकर बोटाच्या पेरानं माझा गुडघा वाजवते. ठण्ण येते की भद्द, ते कान देऊन ऐकते.